विश्लेषण : ग्रेगोरियन गायन हजार वर्षांपूर्वी असेच ऐकू येत होते का?

७ मे २०२५ रोजी नव्या पोपच्या निवडीसाठी १३३ कार्डिनल व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलमध्ये शिरले, तेव्हा जगभरातील असंख्य लोक मोबाइलवर ते दृश्य थेट पाहत होते. लाल झगे, संथ पावले आणि सोबत लॅटिन गायन. वाद्य नाही, ठेका नाही, सगळ्यांचा सूर एकच. आधी संतांची नामावली आणि मग ‘वेनी क्रेआतोर स्पिरितुस’ हे नवव्या शतकातील स्तोत्र. चार दिवसांनी नवे पोप लिओ चौदावे यांनी सेंट पीटर्सच्या सज्जातून ‘रेजिना चेली’ ही मेरीची प्रार्थना नुसती म्हणण्याऐवजी गायली, त्याच्या चित्रफितीही बऱ्याच फिरल्या. हे गायन म्हणजे ‘ग्रेगोरियन चांट’. ते ऐकताना मध्ययुग जसेच्या तसे समोर उभे राहिल्यासारखे वाटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. सूर खरोखरच हजार वर्षांहून जुने आहेत. पण ते ज्या मऊ, समान वाहत्या चालीत आज कानावर पडतात, ती चाल मुख्यतः १९व्या शतकात फ्रान्समधील एका मठात घडली. मधल्या काळात हे संगीत कागदावर उतरले, आणि उतरताना त्यातले काही निसटले.

या गायनात नेमके असते काय?

ग्रेगोरियन चांट ही रोमन कॅथलिक चर्चच्या लॅटिन उपासनेतील गायकी. सर्व गायक एकच सुरावट गातात. पाश्चात्त्य संगीत म्हटले की जी हार्मनी आठवते, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवणे, ती इथे नाही. त्या अर्थाने भारतीय कानाला हे संगीत बाख किंवा मोझार्टपेक्षा जवळचे वाटावे. तालही नाही. लय शब्दांच्या उच्चारातून आणि वाक्याच्या वळणातून येते.

शब्द आणि सूर यांचे नाते तीन प्रकारचे असते. काही ठिकाणी एका अक्षराला एक सूर. स्तोत्रे याहूनही साधी : जवळजवळ सगळी ओळ एकाच सुरावर म्हटली जाते, मध्ये एक छोटे वळण आणि शेवटी एक उतार. दुसऱ्या प्रकारात एका अक्षरावर दोन-चार सूर येतात. तिसऱ्या प्रकारात मात्र एकेका अक्षरावर सुरांची लांबच लांब माळ असते. ‘आलेलुया’ या शब्दाचे शेवटचे अक्षर घेऊन गायक तीस-चाळीस सूर फिरून येतो. अशा जागा गायकवृंदातल्या कसलेल्या गायकांसाठी राखलेल्या असत.

सुरांची रचना आठ ‘मोड’मध्ये केली जाते आणि ही कल्पना बायझेंटाइन म्हणजे पूर्वेकडील ग्रीक चर्चकडून आली. मोड समजण्यासाठी थाटांची ओळख उपयोगी पडते. पांढऱ्या पट्ट्यांवर ‘डी’ला षड्ज मानले तर काफी थाटाचे सूर मिळतात, ‘ई’ला मानले तर भैरवीचे, ‘एफ’ला मानले तर कल्याणचे आणि ‘जी’ला मानले तर खमाजचे. हे चार सूर चांटमध्ये विसावण्याचे सूर आहेत. प्रत्येकाचे दोन प्रकार, म्हणून आठ मोड. पहिल्या आणि दुसऱ्या मोडचे सूर तेच, शेवटचा विसावाही तोच. पण पहिल्यात स्तोत्रपठणाचा मुख्य सूर पंचम आणि दुसऱ्यात कोमल गंधार. भूप आणि देशकार यांचे सूर तेच असूनही वादी बदलला की राग बदलतो, हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला यात काही अवघड नाही. तुलना इथेच थांबवलेली बरी, कारण मोडमध्ये रागासारखा विस्तार नाही, उपज नाही आणि खाली अखंड चालणारा तंबोराही नाही. किमान तसा तो लिहिलेला तरी नाही.

नाव ग्रेगरीचे, मग रचना कोणाची?

पोप ग्रेगरी पहिले इ. स. ५९० ते ६०४ या काळात पदावर होते. मध्ययुगीन चित्रांत ते हमखास भेटतात : खांद्यावर कबुतराच्या रूपातील पवित्र आत्मा कानात सूर सांगतो आहे, पोप तोंडी सांगत आहेत आणि लेखनिक लिहून घेतो आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलेन मठात सुमारे इ. स. १००० मध्ये हार्टकर या मठवासीयाने लिहिलेल्या पोथीत असेच चित्र आहे. पण ग्रेगरींच्या हयातीतील कोणत्याही कागदात त्यांनी एखादी चाल बांधल्याचा उल्लेख नाही. त्या काळी सूर लिहिण्याची पद्धतच नव्हती. ६३६ मध्ये निधन पावलेले सेव्हिलचे बिशप इसिदोर यांनी तर स्पष्ट नोंदवले आहे की सूर लिहिता येत नाहीत, म्हणून ते माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर नष्ट होतात.

या गायकीमागचे खरे कारण राजकारण आहे. ७५४ मध्ये पोप स्टीफन दुसरे आल्प्स ओलांडून फ्रँक राजा पेपिनकडे मदत मागायला आले होते. पेपिनला राज्याभिषेकाची अधिमान्यता हवी होती, पोपला लष्करी आधार. या मैत्रीतून फ्रँकांच्या राज्यात रोमन उपासनापद्धती आणि तिची गायकी आणायचे ठरले. पेपिनचा मुलगा शार्लमेन याने ७८९ च्या फर्मानात धर्मगुरूंनी रोमन पद्धतीचेच गायन शिकावे, असा आदेश दिला. अनेक भाषा आणि अनेक टोळ्यांच्या साम्राज्यात सर्वत्र एकच प्रार्थना एकाच सुरात व्हावी, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी गॉलमधील स्थानिक गायकी बाजूला सारली गेली आणि ती जवळजवळ पूर्ण नाहीशी झाली.

फर्मान काढणे सोपे होते. पण रोमची गाणी शिकवायची कशी? पुस्तकात शब्द होते, सूर नव्हते. रोमहून गायक आले, त्यांनी तोंडी शिकवले आणि लवकरच भांडणे लागली. रोममधील चरित्रकार जॉन द डीकन याने सुमारे ८७३ मध्ये लिहिले की फ्रँकांच्या राकट गळ्यांना रोमचे नाजूक सूर पेलत नाहीत. त्यांचे गाणे म्हणजे पायऱ्यांवरून गडगडणारी गाडी. त्याला सेंट गॅलेनच्या नॉटकरने दहा-बारा वर्षांनी दिलेले उत्तर तितकेच खमंग आहे. त्याच्या कथेप्रमाणे रोमहून आलेल्या १२ गायकांनी मत्सरापोटी कट केला आणि प्रत्येकाने आपापल्या गावी मुद्दाम वेगळे आणि चुकीचे शिकवले. दोन्ही गोष्टी शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण एका घराण्याची चीज दुसऱ्या गळ्यात गेली की काय होते, याचे हे हजार-अकराशे वर्षांपूर्वीचे दोन जबाब आहेत.

रोममध्ये स्वतः रोमची जी गायकी लिहून ठेवली गेली, तिची सर्वात जुनी सुरांसह पोथी १०७१ ची आहे. ती ‘ग्रेगोरियन’ गायकीपेक्षा बरीच वेगळी आहे. शब्द आणि सुरांचा सांगाडा ओळखू येतो, पण रोमची चाल अधिक नक्षीदार. म्हणजे ज्याला जग रोमचे संगीत म्हणते, ते फ्रँकांच्या गळ्यातून गेलेले रोमचे संगीत आहे. त्याला वजन मिळावे म्हणून थोर पोपचे नाव जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

सूर कागदावर केव्हा उतरले?

नवव्या शतकात शब्दांच्या वर बारीक खुणा दिसू लागतात. या खुणांना ‘न्यूम’ म्हणतात. सेंट गॅलेनची ‘कान्तातोरियुम’ ही इ. स. ९२२ ते ९२५ च्या सुमाराची पोथी आणि फ्रान्समधील लां येथील ९३० च्या आसपासची पोथी हे त्याचे सर्वात जुने पूर्ण नमुने. या खुणा पाहून गाणे नव्याने शिकता येत नाही. सूर वर जातो की खाली एवढेच त्या सांगतात, किती वर ते सांगत नाहीत. गाणे आधीच पाठ असलेल्या गायकाला त्या आठवण करून देतात.

पण दुसऱ्या बाबतीत त्या विलक्षण बारकाईने बोलतात. सेंट गॅलेनच्या पोथ्यांत खुणेशेजारी ‘सी’ हे अक्षर असेल तर तिथे चटकन जायचे, ‘टी’ असेल तर सूर धरायचा. खुणेवर आडवी छोटी रेघ असेल तर तो सूर थोडा रुंद करायचा. एका दातेरी खुणेला ‘क्विलिस्मा’ म्हणतात. तिच्या नावातच कंपनाचा, गुंडाळण्याचा भाव आहे आणि तिथे गळा नेमके काय करत असे, यावर आजही वाद आहे.

पुढचे पाऊल इटलीतील ग्विडो या मठवासीयाचे. तो आरेत्सो येथे मुलांना गाणे शिकवत असे. पाठांतरात आयुष्याची उमेद जाते, ही त्याची तक्रार होती. मिस्सामध्ये दिवसानुसार बदलणारी गाणीच पाचशेहून अधिक, त्याखेरीज दिवसरात्रीच्या आठ प्रार्थनांची गाणी वेगळी. दहा वर्षे शिकूनही गायक कच्चाच राहतो, असे तो लिहितो. आपल्या पद्धतीने ते काम एक किंवा फार तर दोन वर्षांत होते, असाही त्याचा दावा होता. पद्धत अशी : खुणा हवेत न ठेवता रेषांवर आणि रेषांमध्ये बसवायच्या. ‘एफ’ सुराची रेघ तांबडी, ‘सी’ची पिवळी. आता कधीही न ऐकलेले गाणे केवळ पाहून गाता येऊ लागले.

सूर डोक्यात बसवण्यासाठी त्याने संत योहानाच्या एका स्तोत्राचा उपयोग केला. त्यातील पहिली सहा पदे क्रमाने एकेका वरच्या सुरावर सुरू होतात. त्या पदांची आद्याक्षरे म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. सातवा ‘सी’ नंतर आला आणि ‘उत’चा ‘दो’ १७व्या शतकात झाला. षड्ज, ऋषभ, गंधार या नावांची आद्याक्षरे घेऊन सा, रे, ग झाले, तशीच ही युक्ती.

ग्विडोला त्याचे श्रेय लगेच मिळाले नाही. पोम्पोसा येथील मठातील सहकाऱ्यांच्या द्वेषामुळे त्याला तो मठ सोडावा लागला. पुढे पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावले, त्याचे पुस्तक चाळले आणि पूर्वी कधी न ऐकलेली एक ओळ तिथल्या तिथे स्वतः गाऊन पाहिली. हा प्रसंग ग्विडोनेच एका पत्रात सांगितला आहे.

या रेषांचा प्रवास भारतातही झाला. पोर्तुगीज अमलात गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लॅटिन गायन आणि ‘सोल्फेज’, म्हणजे दो-रे-मीच्या आधारे स्वरलिपी वाचणे शिकवले जाई. शिकवणारा तो ‘मेस्त्र’. स्वरलिपी वाचता-लिहिता येणारी ही गोव्याची पिढ्यान्‌पिढ्यांची शिदोरी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला मिळाली. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा असोत किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून ४०-५० वादकांसमोर ठेवण्याचे काम त्यांनी केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे हेच गोन्साल्विस. ‘अमर अकबर अँथनी’तील १९७७ च्या गाण्यात त्यांचेच नाव आहे.

लिहून ठेवल्यावर हरवले काय?

रेषा आल्या, सूर पक्के झाले. पण ‘चटकन’, ‘थांबून’, ‘कंप देऊन’ सांगणाऱ्या जुन्या खुणा नव्या लिपीत उतरल्या नाहीत. पुढच्या दोनेक शतकांत त्या पोथ्यांतून नाहीशा झाल्या आणि त्यांचा अर्थ सांगू शकणारी माणसेही संपली. चौकोनी ठिपक्यांच्या रांगेत प्रत्येक सूर दुसऱ्यासारखाच दिसू लागला. ज्याने बंदिश केवळ भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकातून वाचली आणि मग एखाद्या बुजुर्गाकडून ऐकली, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वेदपठणाने वेगळा मार्ग धरला होता. तिथे पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पाठांतराच्या पद्धतींनी उच्चार आणि स्वर तोंडीच राखले गेले, आणि त्याची किंमत आयुष्यातील कित्येक वर्षांच्या अध्ययनाने चुकवावी लागली. ग्विडोला नेमकी तीच वर्षे वाचवायची होती.

त्यानंतर संगीताची अभिरुची बदलली. पॅरिसच्या नोत्र दामच्या परिसरात १२०० च्या सुमारास लेओनँ आणि पेरोतँ यांच्या नावे असलेल्या बहुस्वरी रचनांत चांटचा एकेक सूर खाली लांबवून धरला जाई आणि वर नव्या सुरावटी नाचत. गायन सावकाश, जड होत गेले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर जुन्या चाली ‘सुधारण्या’चे काम निघाले. १६१४-१५ मध्ये रोमच्या मेदिची मुद्रणालयात छापलेल्या आवृत्तीत लांब सुरावळी छाटल्या गेल्या. शब्दाच्या आघातहीन अक्षरावर इतके सूर असणे तत्कालीन लॅटिन पंडितांना रानटी वाटत होते. पुढची अडीचशे वर्षे छापील परंपरा मुख्यतः या कात्रीतून गेलेली होती.

एका मठाने सगळे उलटवले कसे?

फ्रेंच राज्यक्रांतीत बंद पडलेला सोलेम येथील मठ १८३३ मध्ये प्रॉस्पेर गेरांजे यांनी पुन्हा सुरू केला. मठातील प्रार्थना जुन्या शुद्ध चालीत व्हाव्यात, म्हणून त्यांनी मठवासीयांना ग्रंथालयांत पाठवले. फ्रान्समधील माँपेलिए येथे १८४७ मध्ये ११व्या शतकातील एक पोथी सापडली होती. तिच्यात प्रत्येक शब्दावर जुन्या खुणाही होत्या आणि सुरांची अक्षरेही. जणू एका बाजूला मोडी आणि दुसऱ्या बाजूला बालबोध. तिच्या आधारे खुणांचे सूर लागत गेले.

पण तेव्हा मैदान मोकळे नव्हते. जर्मनीतील रेगेन्सबुर्गच्या पुस्टेट या प्रकाशनसंस्थेला मेदिची आवृत्तीवर आधारित अधिकृत ग्रंथ छापण्याचा ३० वर्षांचा विशेषाधिकार रोमकडून मिळाला होता. म्हणजे छाटलेली आवृत्ती अधिकृत, आणि मूळ शोधणारे बेकायदा नसले तरी बाहेरचे. सोलेमच्या आंद्रे मोकरो यांनी वादावादी टाळून कॅमेरा हाती घेतला. १८८९ पासून त्यांनी जुन्या पोथ्यांची छायाचित्रेच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. एकच गाणे युरोपभरच्या दोनशेहून अधिक पोथ्यांत कसे लिहिले आहे, हे त्यांनी पानामागून पान छापून दाखवले. त्या पोथ्यांत छाटणी कुठेच नव्हती.

१९०१ मध्ये फ्रान्समधील नव्या कायद्यामुळे या मठवासीयांना देश सोडून इंग्लंडच्या वाइट बेटावर जावे लागले. तिथे काम चालूच राहिले. त्याच वर्षांत पुस्टेटचा विशेषाधिकार संपला. पोप दहावे पायस यांनी नोव्हेंबर १९०३ मध्ये चांट हा पवित्र संगीताचा सर्वोच्च नमुना असल्याचे जाहीर केले आणि १९०८ मध्ये व्हॅटिकनचा नवा ‘ग्रादुआले’ निघाला. त्याच्या समितीतही सोलेमचेच दोन दिग्गज एकमेकांसमोर उभे ठाकले. मोकरो यांना सर्वात जुनी पोथी प्रमाण हवी होती, तर समितीचे अध्यक्ष जोसेफ पोतिए यांना शतकानुशतके गाताना बदललेली जिवंत परंपराही ग्राह्य वाटत होती. सरशी पोतिए यांची झाली.

सूर परत मिळाले, पण लयीचे काय? मोकरो यांनी सर्व सूर मूलतः समान लांबीचे मानले आणि ते दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत बांधले. ही पद्धत शिकवायला सोपी, समूहाला पेलणारी आणि ऐकायला गोड होती. सोलेमच्या पुस्तकांतून आणि ध्वनिमुद्रणांतून ती जगभर गेली. आज ‘ग्रेगोरियन’ म्हणून कानात बसलेला तरंगता प्रवाह हाच. पुढे त्याच मठातील युजेन कार्दिन यांनी जुन्या खुणांचा पुन्हा अभ्यास करून दाखवले की सूर समान नव्हते. शब्दाच्या वजनाप्रमाणे ते सतत लांब-आखूड होत असत. १९७९ च्या ‘ग्रादुआले त्रिप्लेक्स’ या ग्रंथात चौकोनी स्वरलिपीच्या वर काळ्या शाईत लांच्या खुणा आणि खाली तांबड्या शाईत सेंट गॅलेनच्या खुणा छापल्या आहेत. गायकाने तिन्ही ओळी एकाच वेळी वाचायच्या.

चर्चमधून गेले आणि बाजारात कसे आले?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या दस्तऐवजात चांटला उपासनेत अग्रस्थान द्यावे असे म्हटले. त्याच दस्तऐवजाने लोकभाषांना दारही उघडले. प्रत्यक्षात लोकभाषा जिंकल्या. गोव्यात मिस्सा कोकणीत आणि वसईत मराठीत होऊ लागली, लोकांना प्रार्थनेचा अर्थ कळू लागला. लॅटिन गायन बहुतेक चर्चमधून दोन दशकांत ओसरले. त्याचे दुःख करणारे आणि सुटकेचा निःश्वास टाकणारे असे दोन्ही गट आजही आहेत, आणि दोघेही त्याच दस्तऐवजाचा हवाला देतात.

मग हे सूर भलतीकडेच उगवले. १९९० मध्ये ‘एनिग्मा’च्या ‘सॅडनेस’ या गाण्यात डिस्को ठेक्यावर चांटचे तुकडे आले. ते म्युनिकच्या एका गायकवृंदाच्या १९७६ च्या ध्वनिमुद्रिकेतून उचललेले होते. त्यावरून वाद झाला आणि पुढे तडजोड. १९९४ मध्ये स्पेनच्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठातील जुन्या ध्वनिमुद्रणांचा ‘चांट’ हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ताण घालवणारे संगीत म्हणून तो विकला गेला. मठात मात्र हेच संगीत पहाटेच्या आधी उठून, झोप मोडून गायचे असते. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे सर्व १५० स्तोत्रे दर आठवड्याला पुरी व्हावी लागत.

अलीकडच्या काळात मोकरो यांची चाल नाकारणारे गायकही पुढे आले. फ्रान्सच्या मार्सेल पेरेस यांच्या ‘आन्सांब्ल ऑर्गानुम’ने जुन्या रोमन चाली खर्जातील अखंड सुरावर, कंपने आणि मुरक्या घेत गायल्या. काही अभ्यासकांना त्यात पूर्वेकडील चर्चच्या गायकीची छाया जास्त आणि पुरावा कमी वाटतो. मराठी कानाला मात्र तो खर्ज ओळखीचा वाटेल. यूट्यूबवर सोलेमची आणि पेरेस यांची ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी लावून पाहता येतात. सेंट गॅलेनची ‘कान्तातोरियुम’ही ‘ई-कोडिसेस’ या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटांनी पान मोठे केले की ओळींच्या वर अकराशे वर्षांपूर्वीचे छोटे ‘सी’ आणि ‘टी’ दिसतात.